येतील बी, न्हाई बी

नरसिंग सोनकांबळेनं बिलोलीतल्या एका कचेरीच्या दारात एकतीस वर्षं काढली. दारात म्हणजे अगदी दारातच. आत साहेबांची खुर्ची, बाहेर जनता, आणि मधे उंबऱ्याला लागून एक लाकडी स्टूल. साहेब अठरा बदलले, स्टूल एकदाच बदललं. लोक म्हणायचे, साहेबाला गाठणं सोपं, नरसिंगला ओलांडणं अवघड. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

शिपायाचं काम म्हणजे चहा आणायचा आणि फायली फिरवायच्या असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी दार सांभाळलेलं नसतं. दारावरच्या माणसाचं खरं काम उत्तरं देण्याचं. पहिल्या एसटीनं खेड्यावरून आलेली म्हातारी विचारायची, "साहेब भेटतील का?" आणि साहेब तर नांदेडला मीटिंगला गेलेले. 'भेटतील' म्हणावं तर ती संध्याकाळपर्यंत उपाशी बसणार, आणि साहेब आलेच नाहीत तर तिचे तळतळाट नरसिंगला. 'भेटणार नाहीत' म्हणावं तर ती निघून जाणार, आणि नेमके साहेब तीन वाजता येऊन विचारणार, आज कुणीच कसं नाही? म्हणून नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात नरसिंगनं एक उत्तर पक्कं करून ठेवलं होतं. "येतील बी, न्हाई बी." पुढं माणूस बघून तो त्यात कमीजास्त करायचा. ज्याच्या थांबण्यात अर्थ होता त्याला 'येतील' जरा दाबून, ज्याची शेवटची गाडी चुकणार होती त्याला 'न्हाई' दाबून.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ही सवय काही सुटली नाही. बायकोनं, सरजाबाईनं, विचारावं की पाऊस येईल का, तर हा म्हणणार, येईल बी. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, तर पडलं असंल बी. "लग्न झाल्यापासून या मानसानं मला एकदा सरळ 'हाव' म्हनलं न्हाई," असं ती आल्यागेल्याला सांगायची. दुसरी खोड त्याहून वाईट. स्वतःच्याच घरात स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तो खाकरायचा आणि म्हणायचा, "येऊ का?" सरजाबाई आतून ओरडायची, "या साहेब, सही करा."

त्यांची एकुलती एक मुलगी ज्योत्स्ना. इंग्रजी घेऊन एम.ए., वर बी.एड. तालुक्यातल्या एका कॉलेजात पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती; या जूनमध्ये तिचे तास दुसऱ्याच कुणाला गेले. मग तिनं नांदेडला दोन कोचिंग क्लासमध्ये डेमो दिले. डेमो म्हणजे पोरांसमोर अर्धा तास शिकवून दाखवायचं आणि मागच्या बाकावर क्लासवाल्यांनी बसून ते पारखायचं. पहिल्या ठिकाणी सांगितलं, तुमची वाक्यं सगळी पुस्तकातली, पोरं पेंगतात. दुसऱ्या ठिकाणी तास रंगात आला होता, तेवढ्यात धाडकन दार उघडून क्लासचे मालक फोनवर बोलत आत शिरले, त्यांच्या मागं आणखी दोघं. ज्योत्स्नाचं वाक्य अर्ध्यावर तुटलं ते पुन्हा जुळलंच नाही. हे तिनं आईला स्वयंपाकघरात रडत रडत सांगितलं. नरसिंग दाराबाहेर उभा होता. त्या दिवशी तो खाकरला नाही.

आता लातूरच्या एका क्लासचं बोलावणं आलं होतं. तिसरं, आणि तिच्या म्हणण्यानं शेवटचं. धर्माबादला मिरचीच्या एका अडतीवर कॉम्प्युटरवर बिलं करायला माणूस हवा होता, आणि अडत्यानं सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. "लातूरचं न्हाई झालं तर मी मिरचीत जाते," ज्योत्स्ना म्हणाली. "पुन्हा कुनापुढं परीक्षेला उभी ऱ्हानार न्हाई." अडतीवरच्या नोकरीचं नरसिंगला काही वाटलं नाही, कष्टाचं काम, त्यात लाज कसली. पण ही पोर पाचवीत असल्यापासून कोळशानं भिंतीवर अक्षरं काढून गल्लीतल्या पोरांना शिकवत आली होती. तेच ती सोडून देणार, याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

लातूरवाल्यांनी विषय आधीच कळवला होता, मॉडल व्हर्ब. डेमोच्या आदल्या दुपारी ज्योत्स्ना ओसरीवर वही घेऊन बसली होती. लिहीत होती त्याहून जास्त खोडत होती.

"काय करून राहिलीस?" नरसिंगनं विचारलं.

"वाक्यं शोधून राहिले. रोजच्या बोलन्यातली."

"कशाची?"

"आता तुमाला काय सांगू, बाबा!" ती म्हणाली, आणि लगेच तिला आपलं बोलणं टोचलं. वही खाली ठेवून ती नीट बसली. "इंग्रजीत छोटे छोटे शब्द असतेत. कॅन, कुड, मे, माइट. एखादी गोष्ट जमती का, कुनी करू देतंय का, होईल का, का होईल न होईल, हे सगळं त्या शब्दांवर चालतं. पुस्तकात वाक्य काय दिलंय बघा. राजाच्या परवानगीनं तू महालात प्रवेश करू शकतोस. लातूरच्या पोरांना कुठला आलाय महाल?"

नरसिंग तिच्याजवळ येऊन टेकला. "म्हंजी, जाता येतंय पन जाऊ देत न्हाईत, ह्या दोन गोष्टी तिथं बी येगळ्या हायत का?"

"हाव. जाता येतंय त्याला कॅन. जाऊ देतेत त्याला मे. बोलताना लोक एकाच्या जागी दुसरं वापरतेत, पन गोष्टी दोन हायत."

"आन् साहेब येतील बी, न्हाई बी?"

"तिथं बी मे. यायचं लक्षन कमी असंल तर माइट."

"अगं, मंग ही तर माझी नौकरी हाय," नरसिंग म्हणाला.

आणि तो सांगत सुटला. कचेरीचं दार सताड उघडं असायचं, दोन पायांचा कुणीही आत जाऊ शकायचा, पण चिठ्ठी आत जाऊन परत आल्याशिवाय पाऊल टाकायची इजाजत नव्हती. एकदा एक पैलवान गडी म्हणाला, मला कोण अडवतो? नरसिंग म्हणाला, कुणीच अडवू शकत नाही बाबा, पण तुला आत जायची इजाजत नाही. तो पैलवान विचारात पडला आणि बसला. एक साहेब असे आले होते की पाणी मागायचं तर म्हणायचे, नरसिंग, जरा पाणी मिळू शकेल का? "मी पळत जाऊन नळ बघून आलो. मला वाटलं, पानी गेलं का काय!"

"ते कुड," ज्योत्स्ना हसत म्हणाली. "तो अदबीचा शब्द." तिनं दोन पानं भरली. मग एकदा सगळं मोठ्यानं म्हणून पाहिलं. इंग्रजी नरसिंगला कळलं नाही, पण मधे मधे ती मराठीत सांगत होती ते कळलं.

"माझं नाव हाय का त्यात?" त्यानं सहज विचारलं.

"नाव कशाला, बाबा. 'एका कार्यालयातला एक कर्मचारी' असं म्हनलंय."

"बरं केलंस," नरसिंग म्हणाला. तिच्या अर्जातही वडिलांचा व्यवसाय 'निवृत्त शासकीय कर्मचारी' असाच लिहिलेला त्यानं पाहिला होता. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त शिपाई हा शब्द नव्हता.

शनिवारी सकाळी सहाच्या गाडीनं दोघं निघाले. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "मी नुसता येतो, भाईर बसतो," एवढंच तो म्हणाला आणि इस्त्रीचा सदरा घालून तयार झाला. सरजाबाईनं ज्वारीच्या भाकरी नि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मुलगी चार पावलं पुढं गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "मिळंल का हो हिला?"

"मिळंल बी," नरसिंग म्हणाला. सरजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

नांदेडला गाडी बदलली. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं मागं पडत गेली आणि ज्योत्स्ना खिडकीकडं तोंड करून वाक्यं पुटपुटत राहिली. लातूरला उतरून त्यांनी भाकरी खाल्ली, रिक्षा केली, आणि दोनच्या आत क्लासच्या इमारतीत पोचले. त्या गल्लीत जिकडं बघावं तिकडं पाठीवर दप्तरं घेतलेली पोरंपोरी आणि त्यांच्या निकालांचे फलक. तिसऱ्या मजल्यावर इंग्रजीच्या प्रमुख दीपाली मॅडम भेटल्या. चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, मनानं मोकळ्या.

"काका, आत बसा ना मागच्या बाकावर," त्या म्हणाल्या.

नरसिंगनं मुलीकडं पाहिलं. ती पर्समध्ये खडू शोधत होती. जरा जास्तच वेळ शोधत होती. "न्हाई मॅडम, मी हितंच बरा हाय," तो म्हणाला.

वर्गाच्या दाराशी प्लास्टिकचं एक स्टूल होतं. त्या मजल्यावरचा शिपाई कुणाच्या लग्नाला गेला होता. ते स्टूल बघून नरसिंगला परगावात आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. तो बसला, पाठ आपोआप ताठ झाली. दार लागलं. आत दीपाली मॅडम ज्योत्स्नाला म्हणाल्या, तुम्ही सुरू करा, आमचे संचालक येतील मधेच. हे नरसिंगला ऐकू आलं नाही. आलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

दहाएक मिनिटं झाली. आतून पोरं हसल्याचा आवाज आला, नरसिंगला बरं वाटलं. तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस तरातरा आला. पन्नाशीचा, पांढरा बुशशर्ट, पायात साध्या चपला, कानाला फोन. सरळ दाराला हात घातला त्यानं. साहेब ओळखायची नरसिंगची विद्या बिलोलीतली. तिथं साहेब बूट घालत आणि त्यांच्या मागं दोन माणसं चालत. हा एकटाच होता. आणि फोनवर बोलत दार ढकलणारा माणूस म्हटल्यावर नरसिंगच्या डोळ्यांपुढं नांदेड उभं राहिलं. तो उठला आणि दारावर आडवा हात धरला.

"थांबा. कुठं?"

"आत."

"आत तास चालू हाय. काम काय हाय?"

"कामच आहे. सरका बाजूला."

"दाराला कुलूप न्हाई, कुनी बी जाऊ शकतंय. पन मी जाऊ देनार न्हाई. पंधरा-ईस मिनिटं हायत. बसा." त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं स्टूल पुसून पुढं केलं.

माणूस बसला नाही. "तुम्ही कोण? इथला माणूस कुठं गेला?"

"लग्नाला गेलाय. सध्या मी हाय. आपलं नाव?"

"भगवानराव."

"कुठले?"

"इथलाच."

"मंग तर घाई करायला नको. लांबलांबून आल्याली मानसं बी थांबतेत."

भगवानराव काही बोलणार, तोच त्यांचा फोन पुन्हा वाजला. ते खिडकीशी जाऊन बोलत राहिले. फोन ठेवून आले तर नरसिंगचा हात परत आडवा. रागानं त्यांचे कान लाल झाले, पण आपल्यापेक्षा मोठ्या, इस्त्रीच्या सदऱ्यातल्या माणसाला ढकलून आत जाणं त्यांना जमेना. शेवटी खालच्या ऑफिसातला अंगद नावाचा क्लार्क कागद घेऊन वर आला आणि जागीच थबकला.

"सर! तुम्ही बाहेर? आत डेमो संपत आला की!"

नरसिंगचा हात खाली पडला. एकतीस वर्षांत त्यानं एकाही साहेबाला अडवलं नव्हतं, आणि आज अडवला तो नेमका हा. "साहेब, चुकी झाली," तो हात जोडून म्हणाला. "माझी चुकी. पोरीचा काई दोष न्हाई."

दार उघडलं. पोरं बडबडत, हसत बाहेर पडली. त्यांच्या मागून ज्योत्स्ना आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की नरसिंगला तो बघवेना.

"सर, कुठं होता तुम्ही?" दीपाली मॅडम म्हणाल्या. "मस्त झाला तास!"

"इथंच होतो. यांनी सोडलं नाही आत." भगवानरावांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात ओलावाही नव्हता. "हसण्याचा आवाज ऐकला मी. पण पोरं हसली म्हणजे शिकली असं नसतं. मी स्वतः बघितल्याशिवाय कुणाला घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. साडेतीनला रिपीटरची बॅच मोकळी आहे. विषय हाच. घेणार असतील तर घेऊ द्या."

रिपीटरची बॅच म्हणजे बारावी होऊन गेलेली, डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी पोरं. त्यांच्या परीक्षेत इंग्रजीला एक गुण नाही. त्यांच्यासमोर इंग्रजी शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ज्योत्स्ना "घेते" म्हणाली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. सगळे पुढं गेल्यावर ती बापाकडं वळली.

"तुमाला कुनी बसवलं होतं तिथं?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "संपली ना तुमची नौकरी, बाबा!"

नरसिंगनं स्टूल उचलून भिंतीला लावलं. इतकं वाईट त्याला स्टूल सोडून आला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

साडेतीनला तास सुरू झाला. भगवानराव मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "दार उघडंच राहू द्या." म्हणताना त्यांनी बाहेर पाहिलं. नरसिंग आता स्टुलाकडं फिरकला नव्हता. जिन्याच्या कठड्याला टेकून तो लांब उभा होता, पण उघड्या दारातून त्याला सगळं दिसत होतं. चाळीस पोरंपोरी. कुणी मांडीवर दुसऱ्याच विषयाचं पुस्तक उघडलेलं, कुणी हनुवटीला हात लावून अर्धवट झोपेत. ज्योत्स्नानं फळ्यावर चार शब्द लिहिले. "एका कार्यालयात एक कर्मचारी होता," तिनं सुरुवात केली. पहिल्या बाकावरच्या पोरानं तोंडावर हात न ठेवता जांभई दिली. तिचा आवाज बारीक झाला. दुसरं वाक्य तिनं दोनदा म्हटलं. मग ती थांबलीच.

नरसिंगला ते थांबणं कळलं. नांदेडचं ऐकलं होतं ते हेच. तो जमिनीकडं बघत राहिला.

"बाबा," वर्गातून आवाज आला. "आत या."

तो दारापाशी आला, उंबऱ्याशी थांबला आणि खाकरला. पुढचं तोंडातून आपोआप गेलं. "येऊ का?"

वर्ग खो खो हसला. ज्योत्स्ना हसली नाही.

"हसा. पण हेच इंग्रजीत सांगा."

"मे आय कम इन!" चारपाच पोरं ओरडली. लहानपणापासून घोकलेलं वाक्य.

"हे माझे वडील," ज्योत्स्ना म्हणाली. "बिलोलीत शिपाई होते. एकतीस वर्षं दार सांभाळलं त्यांनी. हे वाक्य त्यांनी रोज ऐकलं आणि रोज विचारलं. मघाशी दोन वाजता तुमच्या सरांनासुद्धा त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं."

चाळीस माना एकदम मागं वळल्या. मग जो काही हशा पिकला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. भगवानराव नाक चोळत बसले. नरसिंगच्या कानात मात्र तो हशा नव्हताच. त्याच्या कानात 'शिपाई' हा एक शब्द होता, भरल्या वर्गात मुलीनं ठणठणीत आवाजात म्हटलेला.

ज्योत्स्नानं बाहेरचं स्टूल आत आणून दाराशी ठेवलं. "बसा, बाबा. ही कचेरी. ज्याला जे काम असंल त्यानं यायचं, मराठीत विचारायचं. बाबा उत्तर देतील. ते उत्तर इंग्रजीत फळ्यावर लिहायचं."

आधी कुणी उठेना. मग जांभईवाला पोरगा आला. साहेब भेटतील का? "येतील बी, न्हाई बी. तीनच्या गाडीनं आले तर आले." फळ्यावर 'मे' गेला. दुसऱ्यानं विचारलं, मामा, मी खिडकीतून आत गेलो तर? "जाशील की, पाय हायत तुला. पन परवानगी न्हाई." 'कॅन' आणि 'मे नॉट' एकाच ओळीत गेले आणि कोणतं कशाला यावर दोन बाकांमध्ये वाद लागला. एक मुलगी साहेबीण बनून पाणी मागायला लागली, नरसिंग नळ बघायला उठला, वर्ग पुन्हा हसला. हॉस्टेलवरच्या एकीनं वाक्य केलं, माझी आई रोज येऊ शकते, पण तिला रविवारीच येऊ देतात. ते फळ्यावर लिहिताना कुणी हसलं नाही. सगळी हॉस्टेलचीच पोरं होती.

मग देगलूरकडची रेणुका नावाची मुलगी उठली. तिचं हे दुसरं वर्ष. ती स्टुलापुढं उभी राहिली आणि वहीचा कोपरा मुडपत म्हणाली, "मामा, माझा मेडिकलला नंबर लागेल का?"

हा खेळातला प्रश्न नव्हता.

नरसिंगनं तिच्याकडं नीट बघितलं. असे चेहरे त्यानं खूप पाहिले होते. माणूस बघून शब्द दाबायची त्याची जुनी सवय होती, पण या पोरीपुढं त्याला कुठलाच शब्द दाबता येईना. "लागंल बी पोरी, न्हाई बी," तो म्हणाला. "खोटं सांगत न्हाई, मला म्हाईत न्हाई. पन दारावर येक गोष्ट बघितली. जी मानसं थांबली, त्यातल्या सगळ्यांची भेट न्हाई झाली. पन जी निघून गेली, त्यातल्या एकाची बी न्हाई झाली."

रेणुकानं खडू घेतला. 'माइट' लिहिलं आणि जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. ज्योत्स्ना तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "नंबर लागणं आपल्या हातात नाही, म्हणून माइट बरोबर आहे," ती म्हणाली. "पण अभ्यास तुला जमतो. तिथं काय येईल?" रेणुकानं खाली 'कॅन' लिहिलं. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा वहीत उतरवून घेत होती.

ज्योत्स्नानं पुढचा भाग फळ्यावर मांडायला घेतला तेव्हा नरसिंग अवघडला. दाराशी बसावं तर फळा झाकत होता. तो भिंतीच्या कडेकडेनं मागं गेला. भगवानराव बाकावर सरकले आणि त्यांनी रिकाम्या जागेवर हात ठेवला. एकतीस वर्षांत नरसिंग एकाही साहेबाच्या शेजारी बसला नव्हता. तो टेकला आणि लगेच उठला. भगवानरावांनी त्याच्या सदऱ्याची बाही धरून खाली ओढलं. "बसा हो काका, तास चालू आहे," ते कुजबुजले.

तास संपल्यावर ऑफिसात भगवानराव मोजकंच बोलले. एक तारखेपासून यायचं, पहिले सहा महिने बघणार, फळ्यावरचं अक्षर मोठं काढायचं. मग ते नरसिंगकडं वळले. "मला राग आला होता तुमचा. अजून थोडा आहे."

"असनारच, साहेब," नरसिंग म्हणाला. "थांबावं लागलं की येतोच."

बसस्टँडवर गाडी लागलेलीच होती. ज्योत्स्नानं बापाला खिडकीची जागा दिली, धर्माबादला फोन लावून अडत्याला नको म्हणून सांगितलं, आणि मग बराच वेळ हातातल्या तिकिटाची घडी घालत बसली. "बाबा, मघाशी मी बोलले ते..." ती म्हणाली.

"दारावरच्या मानसाला लोक बोलतेतच," नरसिंग म्हणाला. "त्यानं काई व्हत न्हाई."

ती त्याच्या खांद्याला डोकं टेकवून बसली. चाकूर यायच्या आत नरसिंगचा फोन वाजला. सरजाबाई. सकाळपासून धीर धरला होता तिनं, आता तो संपला होता.

"काय झालं वो? लागली का नौकरी पोरीला?"

"लागंल..." नरसिंग सवयीनं म्हणाला, आणि थांबला. खांद्यावरचं डोकं उचलून ज्योत्स्ना त्याच्या तोंडाकडं बघायला लागली.

"हाव," नरसिंग म्हणाला. "लागली."

पलीकडून सरजाबाईनं रडक्या आवाजात विचारलं, "आता तुमीच बोललात का हे?"